कौसाबाईचं येसर

यंदा दसऱ्याच्या आधी मी दोन दिवस बोरीला मायकडं गेले. अंगणात पाऊल ठेवलं आणि शिंक आली नाही, तेव्हाच माझं डोकं फिरलं. या दिवसांत या अंगणात शिंकल्याशिवाय कुणाला दोन वाक्यं सलग बोलता आलेली नाहीत. आता तिथं गुळगुळीत फरशी आहे. भावाने घातली, पुसायला सोपी म्हणून. भिंतीलगतच्या तीन चुली गेल्या. चुलींनी भिंतीवर काढलेले काळे लोट पिस्ता रंगाखाली गेले. माय दारात खुर्ची टाकून बसली होती. तेवढ्यात समोरच्या घरातून मिरची भाजल्याचा ठसका गल्लीभर पसरला. मी पदर नाकाला लावला. माय नुसती बघत होती.

"मीरा भाजायलीय जणू," ती म्हणाली. तिनं समोरच्या दारातून निघणारा धूर पाहिला होता.

मी चौथीत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीच्या टोकाला सुभद्रामावशी राहायची. दरवर्षी दसरा झाला की नवऱ्याबरोबर टोळीत ऊस तोडायला जायची, ती पार उन्हाळा लागल्यावर परतायची. जाताना बरोबर न्यायची ती ज्वारी, भांडी, पांघरुणं आणि येसर. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, तीळ, खोबरं, मिरची, दगडफूल असं सगळं वेगवेगळं भाजायचं आणि कुटून एक करायचं, ते येसर. पाणी उकळायचं, त्यात मूठभर येसर कालवून सोडायचं, मीठ टाकायचं, की आमटी झाली. भाजी नको, वरण नको. दिवसभर फडात वाकून आलेल्या बाईला तीन दगडांच्या चुलीवर एवढंच जमतं.

त्या वर्षी सुभद्रामावशीचा हात भाजला होता. ती मायला म्हणाली, "कौसाबाई, एवढं माझं येसर तू करून दे गं. जिनसा मी आणून टाकते."

मायनं करून दिलं. डबा भरून नेला मावशीनं. बस, एवढंच. त्यात धंदा वगैरे काही नव्हता.

पण टोळीच्या कोप्या, उसाच्या पाचटाच्या त्या झोपड्या, एकमेकींना चिकटून असतात. एकीच्या चुलीवरचा वास दहा जणींच्या नाकात जातो. सुभद्रामावशीच्या आमटीचा वास पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या कोपीत गेला आणि तिथून वाटी आली. मग दुसऱ्या कोपीतून. कारखान्यावर पाथरीकडच्या टोळ्या होत्या, सेलूकडच्या होत्या. सगळ्या एकच विचारायच्या, "कुणाचं हाय?" आणि मावशी सांगायची, "आमच्या बोरीच्या कौसाबाईचं." ती हे सांगताना कशी सांगत असेल, ते मला ठाऊक आहे. डावा हात कमरेवर, मान जराशी वाकडी, जणू येसर तिनंच केलंय.

पुढच्या वर्षी पोळा झाला आणि एके दुपारी पाथरीच्या दोन अनोळखी बाया आमच्या दारात उभ्या राहिल्या. डोक्यावर धान्याची गाठोडी होती. "कौसाबाईचं घर हेच का?"

मायनं त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "कुणी धाडलं?"

हा प्रश्न ती पुढं कितीतरी वर्षं विचारत राहिली. दारात आलेल्या प्रत्येक बाईला. आधी पाणी, मग कुणी धाडलं. आलेली सांगायची, "मला गोदावरीनं सांगितलं, तिला तिच्या जावेनं." माय त्या गोदावरीसाठी मूठभर येसर वेगळ्या फडक्यात बांधायची आणि आलेलीच्या हाती द्यायची. "तिला म्हनावं, कौसाबाईनं दिलंय." त्या मुठीची गोष्ट परत दहा ठिकाणी सांगितली जायची. मायला हे हिशेबानं सुचलं नव्हतं. कुणी आपलं नाव चांगलं घेतलं तर त्याचं तोंड गोड करावं, तसं ती तोंड तिखट करायची.

पाटी नव्हती, दुकान नव्हतं. एसटी स्टँडवरच्या पानवाल्याला कुणी पत्ता विचारला तर तो म्हणायचा, "ठसका लागंल तिकडं जा."

आणि काय दिवस होते ते! पत्र्यावर जुन्या साड्या अंथरून धुतलेलं धान्य वाळत घातलेलं. चिमण्या हाकलायला मी. पहाटे तीनही चुली पेटायच्या. एकीवर धान्य, एकीवर खोबरं-तीळ, एकीवर मिरची. खोबऱ्याचा गोडसर वास आधी यायचा, मग धन्याचा, तो लिंबासारखा. मग दगडफुलाचा, पाऊस पडून गेल्यावर दगडी पायऱ्यांना येतो तसा. सगळ्यात शेवटी मिरची, आणि मग अख्खं अंगण खोकायचं, हसायचं, नाक पुसायचं. बाया भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या. कुणाची सासू, कुणाचा मुकादम, कुणाच्या पोरीला आलेलं स्थळ, सगळं तिथंच बोललं जायचं. नाक पुसता पुसता एखादी खरंच रडायची आणि कुणाला कळायचं नाही.

माय कधी चव घेऊन बघायची नाही. भाजलेल्यातली चिमूट तळहातावर घ्यायची, अंगठ्यानं रगडायची, हात नाकाशी न्यायची आणि डोळे मिटायची. एवढ्या बाया बोलत असायच्या, पण त्या घडीला सगळ्या गप्प. मग ती डोळे उघडून म्हणायची, "उतरवा." तिचं ते "उतरवा" मी आजही कुठलीही कढई बघितली की ऐकते.

नंतर नंतर तर वसमतकडून बाया येऊ लागल्या. नांदेडला दिलेल्या लेकीसाठी कुणी न्यायचं, पुण्याला शिकणाऱ्या पोरासाठी कुणी. समोरची मीरा, नवीनच लग्न होऊन आलेली, मदतीला येऊन बसायची. मायनं तिला सगळं दाखवलं. काहीही झाकलं नाही. मी म्हणायचे, "माय, सगळं कामून सांगतीस तिला?" तर म्हणायची, "सांगून काय व्हतंय? नाक तर तिचं तिलाच लागंल ना."

नाक.

मी परभणीला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. त्या पावसाळ्यात गावभर तापाची साथ आली. माय पंधरा दिवस अंथरुणावर होती. उठली तेव्हा सांधे धरलेले, केस गळालेले. हे सगळं दिसत होतं. जे दिसत नव्हतं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. मला फक्त निरोप आला, "दसऱ्याच्या आधी आठ दिवस येऊन राहा." मी वैतागले. अभ्यास होता, मैत्रिणी होत्या, आणि खरं सांगायचं तर कपड्यांना येणारा तो भाजल्याचा वास मला तेव्हा नकोसा झाला होता. हॉस्टेलच्या खोलीत पोरी नाक मुरडायच्या. मी आठाऐवजी दोन दिवसांसाठी गेले. तेही पुस्तक घेऊन.

पायरीवर वाचत बसले होते. माय चुलीजवळून उठून माझ्याकडं यायची, तळहात माझ्या नाकाखाली धरायची. "झालं का बघ गं."

मला नवल वाटायला हवं होतं. तिनं आयुष्यात कुणाला असं विचारलं नव्हतं. पण मी नुसती चिडत होते. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी पुस्तकातून मान वर काढली नाही.

"झालंय की, माय! किती वेळा विचारतीस?"

तिनं तळहात मिटला. मग वळली. "उतरवा," म्हणाली. पण ते नेहमीचं नव्हतं. बायांना विचारल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी मी परभणीला परत गेले. उरलेले दिवस तिनं कसे काढले, कुणाला विचारून काढले, की रंग बघून अंदाजानं काढले, मला ठाऊक नाही. कुठला घाणा तळाला लागला, माझ्या "झालंय"वाला की नंतरचा, तेही कधी कळलं नाही. लागला एवढं खरं. खोबरं करपलं की येसर कडू होतं आणि तो कडूपणा महिन्याभरानं जास्तच वर येतो. तोवर टोळ्या कारखान्यांवर पोचल्या होत्या.

सुभद्रामावशीच्या एका डब्यापासून वसमतपर्यंत मायचं नाव जायला माझं अख्खं शाळा-कॉलेज गेलं होतं. पायी गेलं होतं ते, बायांच्या डोक्यावरच्या गाठोड्यांबरोबर. हे दुसरं मात्र पायी गेलं नाही. तोवर प्रत्येक कोपीत मोबाइल आला होता. या कारखान्यावरून त्या कारखान्यावर, तिथून गावाकडं, गावाकडून माहेरी. "कौसाबाईचं औंदा घिऊ नका, कडू हाय." कुणी खोटं बोललं नाही. कडूच होतं. त्याचाच मला आजवर राग येतो, की भांडायला कुणी नाही. एखादी वैरीण असती तर तिच्या दारात जाऊन उभी राहिले असते. इथं शंभर भल्या बाया होत्या आणि प्रत्येकीनं आपल्या मैत्रिणीचं भलं बघितलं होतं.

उन्हाळ्यात सुभद्रामावशी परतली. पायावर फडातल्या पाचटाचे ओरखडे तसेच होते. मी तेव्हा घरी होते. ती आली, बसली, पाणी प्याली, पावसापाण्याचं बोलली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "कौसाबाई, औंदा हात बिघडला का गं?"

माय म्हणाली, "हौ."

नुसतं "हौ". मी आतून ऐकत होते. मावशी गेल्यावर बाहेर आले. तोवर माझ्या ध्यानात आलं होतं. दोन दिवसांपूर्वी दूध पार करपून घरात धूर झाला तेव्हा माय शेजारच्याच खोलीत डाळ निवडत बसली होती आणि तिला पत्ता नव्हता.

"माय, तुला वास यायलाय का?"

तिनं मावशीचा तांब्या उचलला.

"तापापासून गेलाय ना? मंग सांगायचं ना मावशीला! दुखणं होतं म्हून सांगायचं! लोक समजून घेतेत."

"काय सांगू?" माय म्हणाली. "येसर करणारीला वास येईना, असं सांगू? आता हात बिघडला म्हनतेत. हात सुधरतो. नाक गेलं म्हनल्यावर कोन उभं राहील दारात?"

मी तिला परभणीच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी थेंब दिले, वाट बघा म्हणाले. आम्ही वाट बघितली. अजून बघतोय. तिला आता आंबट, खारट, तिखट एवढंच कळतं. माझ्या लेकीच्या बारशाला मी तिला मोगऱ्याचा गजरा माळला तर म्हणाली, "गार लागतंय."

त्या कडू येसराच्या पुढच्या दसऱ्याला सहा-सात जणी आल्या. ज्यांच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं अशा. मी त्या वेळी पाहुणी म्हणून गेलेली. मला वाटलं, या निमित्तानं परत सुरू करू, मी नाक देते, मीरा हात देईल. मी मनात सगळं मांडूनही टाकलं होतं. आणि माय दारातच त्यांना म्हणाली, "मला आता झेपत न्हाई बायांनो. समोर मीरा हाय, तिच्याकडं जावा. लय चांगलं करती."

"माय!" मी ओरडलेच.

"आलेली बाई तशीच वापस धाडू का?" ती म्हणाली. "इतक्या लांबून आल्यात."

तिच्या स्वतःच्या तोंडानं गेलं ते. आज स्टँडवर उतरलं की पाच पाट्या दिसतात. मीराची सगळ्यात मोठी. मीराकडून शिकलेल्या चौघींच्या बाकीच्या. प्रत्येकीवर एकच: बोरीचं येसर. परभणीच्या दुकानात पाकिटं मिळतात, त्यावर नथ घातलेली कुणीतरी बाई हसत असते. ती बोरीची नाही. ती कुठलीच नाही. मीराच्या मुलानं मोबाइलवर दुकानाचा पत्ता टाकलाय आणि लोक तिथं चांदण्या देतात. मी एकदा सगळे अभिप्राय वाचून काढले. कौसाबाई हा शब्द सापडला नाही.

परवा मी मायजवळ बसले होते तेव्हा मीरा आली. आता चाळिशी ओलांडलीय, कपाळावर घाम, हातात वाटी. "मावशी, पहिला घाणा हाय. बघा."

मायनं चिमूट तळहातावर घेतली. अंगठ्यानं रगडली. हात नाकाशी नेला, डोळे मिटले. मीरा श्वास धरून उभी. मी मायच्या तोंडाकडं बघत होते. तिथं काहीच नव्हतं. एखाद्या बंद घराचं दार वाजवून वाट बघावी तशी ती बसली होती. मग डोळे उघडून म्हणाली, "झालंय."

"तुमी हौ म्हनल्याबिगर मी एक गिऱ्हाईक घेत न्हाई मावशी," मीरा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तिला ठाऊक नाही. इतकी वर्षं ती पहिला घाणा घेऊन येते आणि तिला ठाऊक नाही.

मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. राहवलं नाही. "मीरावहिनी, बाहेर सांगतेस का कुणाला, कुणाकडून शिकलीस?"

ती दचकली, पण रागावली नाही. "सांगायचे की, सुरवातीला सगळ्यांना सांगायचे. बाया नाव विसरतेत गं. गाव तेवढं ध्यानात ठिवतेत. माझं बी नाव कुठं घेतेत? बोरीचं म्हनतेत."

तिचं खरं होतं. त्यामुळं आणखीच जीव जळला. मी आत येऊन मायला म्हणाले, आपण एक पाटी लावू. काही विकायचं नाही, नुसतं लिहायचं, की हे इथून सुरू झालं. तुझं नाव.

"आन् पाटी बघून कुनी आत आलं तर काय दिऊ?" माय म्हणाली.

"काही देऊ नको. निस्तं सांग."

"निस्तं सांगून काय करतेत लोक?" तिनं पाय पोटाशी घेतले आणि माझ्या लेकीची परीक्षा कधी आहे ते विचारलं.

मी सकाळच्या गाडीनं निघाले. परभणीची बस बोरीच्या स्टँडवर जरा थांबते. माझ्या शेजारी जिंतूरहून आलेली एक बाई होती, हिरवी साडी, मांडीवर पिशवी. खिडकीतून त्या पाट्या वाचत होती. मग माझ्याकडं वळली.

"ताई, तुमी इथंच चढलात. बोरीच्याच का?"

"हो."

"इथलं येसर लय चांगलं असतंय म्हने. माझ्या नणंदेनं सांगितलं, बोरीचंच आन. वापस येताना उतरून घेते. कुनाचं घ्यावं?"

मी तिला सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणा परक्या माणसाला सांगितलं. पहिलं येसर माझ्या मायनं केलं, कौसाबाईनं. सुभद्रामावशीचा डबा, पाथरीच्या बाया, त्या मुठी, सगळं. माझा आवाज चढला असावा, कारण पुढच्या बाकावरच्या दोघी वळून बघू लागल्या.

तिनं नीट ऐकून घेतलं. मग समजुतीनं हसली. "सगळ्याच तसं म्हनतेत ताई. मागं एकीनं मला सांगितलं, तिच्या आज्जीनं सुरू केलं म्हून."

"खरं सांगायलेय मी."

"असंल की. खोटं कुटं म्हनायले मी?" ती म्हणाली. "मंग आता करतेत का त्या? त्यांचंच घेते."

"नाही. आता नाही करत."

"मंग?"

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. ती अजून माझ्याकडं बघत होती, खरोखर उत्तर हवं असल्यासारखी. मला वाटलं, म्हणावं, आता कुणाचंच चांगलं राहिलं नाही. एवढं एकच वाक्य. ते किती लांब जातं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"ती मोठी पाटी दिसतेय ना," मी म्हणाले, "त्या मीराबाईचं घ्या. चांगलं असतंय."

"नक्की ना?"

"नक्की. काल मी स्वतः बघितलंय."

तिचं समाधान झालं. ती मागं वळली आणि मागच्या बाकावरच्या म्हातारीला म्हणाली, "आज्जी, ह्या ताई बोरीच्याच हायत. मीराबाईचं घ्या म्हनतेत." म्हातारीला कमी ऐकू येत होतं, तर तिच्या शेजारचीनं तिला परत सांगितलं, मोठ्यानं. झरी येईपर्यंत पार शेवटच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "कोनती पाटी म्हनल्या?"

माझं नाव कुणी विचारलं नव्हतं. मी खिडकी उघडायला गेले तर ती अडकलेली होती. दोन्ही हातांनी हिसके दिले तरी ती हलली नाही, आणि मी पार परभणी येईपर्यंत देत राहिले.